डूमकर

डूमकर रोज रात्री अकरा वाजता नरकात उतरतो आणि साडेबाराच्या सुमारास वर येऊन, ओट्यावरचं दुधाचं पातेलं फ्रीजमध्ये ठेवून झोपतो. पातेलं आत ठेवायचं काम वहिनींनी त्याच्यावर सोपवलं आहे, कारण घरात त्या वेळी जागा असणारा तो एकटाच. मधल्या दीड तासात त्याने शे-दोनशे सैतान, बोकडाच्या पायांचे दोन-चार सरदार आणि डोक्यावरून झगे ओढलेले कितीतरी अघोरी भगत यमसदनी धाडलेले असतात. सकाळच्या लोकलला मात्र हाच माणूस डब्याची पिशवी छातीशी धरून "सॉरी हां, सॉरी" करत डब्यात शिरतो आणि चौथी सीट मिळाली तरी कृतकृत्य होतो.

त्याचं खरं आडनाव वेगळं आहे आणि ते दारावरच्या पाटीवर आहे. पण 'डूम' या १९९३ सालच्या गेमबद्दल तो ज्या निष्ठेने बोलतो, ती पाहून आमच्या बँकेतल्या कुणीतरी हे आडनाव त्याला चिकटवलं. आता आमच्या सोसायटीतही तेच चालतं. वहिनी अर्थातच डूमकरवहिनी. आपली काही हरकत नाही असं त्या तोंडाने म्हणतात.

असा एक डूमकर प्रत्येक कचेरीत असतो. वय पन्नाशीच्या आसपास, पोट बेताचं, चष्मा दुहेरी नंबराचा. ओळखायचा तर चालीवरून ओळखावा. कोपरा आला की हा माणूस सरळ वळत नाही. भिंतीपासून थोडा लांब सरकतो, एक आडवं पाऊल टाकतो, वळणापलीकडे नजर टाकून घेतो, मागे येतो आणि मगच पुढे होतो. मॉलमध्ये ट्रॉली नेतानाही तेच. वहिनी तूरडाळ घेऊन बिलाच्या रांगेत पोचलेल्या असतात आणि हा अजून साबुदाण्याच्या कोपऱ्यावर अंदाज घेत उभा. का, तर पलीकडून आगीचा गोळा आला तर! आजवर पलीकडून फक्त ओळखीचे लोक आले आहेत. त्यांतल्या काहींपेक्षा आगीचा गोळा परवडला, हे त्याचं म्हणणं मलाही पटतं.

हा नाद लागला कॉलेजात. 'डूम' काढणारी इड सॉफ्टवेअर ही कंपनी तेव्हा टेक्सासमधल्या मेस्किटची, आणि तिचा खाक्या असा की गेमचा पहिला भाग फुकट वाटायचा. कुणीही कुणालाही द्या. उरलेले दोन भाग हवे असतील तर पैसे पाठवा. फुकटचा भाग दाबून-चेपून दोन फ्लॉपींत मावायचा आणि तशाच दोन फ्लॉपी हातोहात फिरत त्याच्या कॉलेजच्या लॅबपर्यंत आल्या होत्या. त्यांतली दुसरी नेहमी नासकी निघायची. पडद्यावर 'अबॉर्ट, रिट्राय, फेल' अशी विचारणा व्हायची आणि पोरं फ्लॉपी शर्टाला पुसून, फुंकर मारून, देवाचं नाव घेऊन पुन्हा घालायची. पहिल्या भागाच्या शेवटी दोन अगडबंब सरदार मारायचे, की तुम्हाला एका अंधाऱ्या खोलीत नेऊन टाकतात, चहूबाजूंनी राक्षस तुटून पडतात आणि तुम्ही मरता. हाच शेवट. जिंकल्याचं बक्षीस मरण, आणि पुढं काय झालं ते कळायला टेक्सासला डॉलर पाठवा. खिशात वडापावचे सुटे पैसे असलेल्या पोरांनी डॉलर कुठून आणायचे? डूमकरने तो भाग इतक्यांदा खेळला की पुढच्या दोन भागांतला नरक प्रत्यक्ष न पाहताच त्याने पदवी घेतली. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात लॅमिंग्टन रोडला जाऊन एक सीडी आणली तेव्हा कुठे त्याला बाकीचा नरक दिसला. ती सीडी कंपनीची अधिकृत होती का, हा प्रश्न मी कर्ज विभागातल्या माणसाला विचारणं बरं दिसत नाही.

दहा डिसेंबरला तो न चुकता किरकोळ रजा टाकतो. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहितो. १० डिसेंबर १९९३ ला 'डूम' बाहेर पडला. त्या दिवशीची कथा त्याने लोकलमध्ये इतक्या वेळा सांगितली आहे की भजनी मंडळवाल्यांनाही ती पाठ झाली असावी. गेम विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवायचा होता. खेळणारे आधीपासूनच सर्व्हरवर ठिय्या देऊन बसलेले. इतके, की सगळ्या जागा भरल्या आणि गेम घेऊन आलेल्यालाच आत शिरता येईना! "म्हणजे मोटरमनच फलाटावर राहिला," दाराशी लटकलेल्या एकाने बाहेर बघतच सांगून टाकलं. डूमकरला हे इतकं आवडलं की त्यानंतरच्या प्रत्येक कथनात तो मोटरमनपाशी थांबतो आणि कुणी हसतंय का बघतो.

आता बँकेतला डूमकर. कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी तो प्रत्येक कागद उलटा करून मागून बघतो. मागे काही नसतं, पण बघायचं. जुन्या गेममध्ये कुठल्याही भिंतीमागे चोरखोली असू शकते. भिंतीवरचं एखादंच चित्र जरा वाकडं, एखाद्याच विटेचा रंग वेगळा, आणि तिथे स्पेसबार दाबला की भिंत वर सरकते. लेव्हल संपली की गेम हिशेब मांडतो: मारले किती टक्के, गोळा केलं किती टक्के, गुपितं सापडली किती टक्के. डूमकरला तिन्हीकडे शंभर लागतात. म्हणून तो नरकातल्या एकेका भिंतीला अंग घासत, स्पेसबार बडवत जातो. दारात उभी असलेली पोरगी विचारते, "बाबा, राक्षस तर कधीच मेले. आता काय करतोयस?" तर म्हणतो, "मोजमाप." त्याने नाकारलेल्या अर्जदारांपैकी एकदोघांची पुढे मोठी भानगड निघाली, तेव्हापासून मॅनेजरसाहेब त्याच्या या सवयीवर काही बोलत नाहीत. साहेबांच्या मूडचा अंदाजही डूमकरच घेऊन येतो. 'डूम'मध्ये पडद्याच्या तळाशी खेळणाऱ्याचा चेहरा दिसतो, आणि जीव जसा कमी होत जाईल तसा तो रक्तबंबाळ होत जातो. केबिनमध्ये डोकावून डूमकर बाहेर येतो आणि आम्हाला हळूच सांगतो, "वीस टक्के. फाइली उद्या न्या."

या गेमांनी त्याला शिकवलेली एक गोष्ट मात्र मी खरोखरीच मानतो. भीती कशी घालायची, हे त्या जुन्या गेमवाल्यांना पक्कं माहीत होतं. दिवे लुकलुकायचे, दाराआड कुणीतरी गुरगुरायचं, तुम्ही चौथऱ्यावरची किल्ली उचलली रे उचलली की पाठीमागची भिंत खाली जायची, हे सगळं आहेच. पण डूमकर त्याला भीत नाही. तो भितो ते रिकामी खोली दिसली की. शांत, स्वच्छ खोली. मधोमध औषधाच्या पेट्या. कडेने काडतुसांचे ढीग. चिलखतसुद्धा ठेवलेलं. नवखा खेळणारा खूश होतो. डूमकरच्या हाताला घाम सुटतो. ज्या अर्थी इतकं फुकट देतायत, त्या अर्थी पुढच्या दारामागे काहीतरी भयंकर उभं आहे. मागे एकदा ऑफिसात अचानक सगळ्यांना समोसे, जिलबी आणि वर थंड पेय आलं. आम्ही तुटून पडलो. डूमकर समोशाकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "दार कुठलं उघडणार आहे?" दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीचं पथक हजर.

डूमकरच्या डोक्यावर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, एक कुटुंब राहतं. त्यांचा पाटा, त्यांचा वरवंटा, त्यांच्या नातवाची गोट्यांची बरणी आणि मध्यरात्री जागा बदलणारं लोखंडी कपाट हा त्याचा कायमचा विषय. त्यावर त्याचा उतारा तांत्रिक आहे. 'डूम'चा नकाशा मुळात सपाट कागदासारखा असतो. जमीन आणि छत यांची उंची वर-खाली करता येते, पण एका खोलीवर दुसरी खोली चढवताच येत नाही. "तिथे वरचा मजला हा प्रकारच नाही," तो सुस्कारा टाकून सांगतो. नरकाच्या वर्णनांत मी आजवर इतकी मोहक सोय वाचलेली नाही.

आणि खरं सांगायचं तर डूमकरला नरक आवडतो तो त्यातल्या शिस्तीसाठी. लाल दाराला लाल किल्ली, निळ्याला निळी, पिवळ्याला पिवळी. लहान औषधपेटीने जीव दहाने वाढतो, मोठीने पंचवीसने, निळ्या बाटलीने एकाने. शंभर टक्के मोजदाद. कुठल्या राक्षसाचा जीव किती हे ठरलेलं, तो कधी नवा जीआर काढून आपली क्षमता वाढवत नाही. नव्या गेमांवर त्याचा राग आहे तो त्यामुळेच. तिथे गोळी लागली की भिंतीआड दडून बसायचं, थोडा वेळ धापा टाकायच्या आणि जखम आपोआप बरी! "आपोआप?" हा शब्द उच्चारताना कर्ज विभागाचा सगळा अनुभव त्याच्या आवाजात उतरतो. "हप्ता थकवून कोपऱ्यात बसलं की खातं आपोआप नीट होतं का?" घरातल्या किल्ल्यांनाही त्याने रंगीत टोप्या चढवल्या आहेत. सकाळी सव्वासातला "लाल किल्ली कुणी घेतली?" अशी आरोळी उठली की आमच्या मजल्यावरच्या लोकांना घड्याळ बघावं लागत नाही. लाल म्हणजे स्कूटरची.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, माणूस जुन्यात रमलेला आहे. तसं असतं तर वहिनींचे पैसे वाचले असते. त्याचा सध्याचा सर्वांत लाडका गेम 'डस्क', आणि तो आहे २०१८ सालचा. तोही १० डिसेंबरचाच. 'डूम'ला बरोबर पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी बाहेर आला. पेन्सिल्व्हेनियाच्या डेव्हिड शिमान्स्की नावाच्या गृहस्थाने तो जवळजवळ एकट्याने रचला, न्यू ब्लड नावाच्या कंपनीने काढला, आणि त्यातलं कानठळ्या बसवणारं संगीत अँड्र्यू हल्शल्टचं. गेम नवा, पण दिसायला १९९६ सालचा. माणसांची तोंडं लाकूड तासून केल्यासारखी त्रिकोणी, रक्ताचे थेंब चौकोनी. गेम सुरू करताना जुन्या डॉसच्या संगणकासारखी काळ्या पडद्यावर अक्षरं उमटतात. ती बघताना डूमकरच्या चेहऱ्यावर जे भाव येतात ते मी फक्त काकड आरतीला पाहिले आहेत. चित्र कमी ढोबळ वाटलं तर आणखी ढोबळ करायची सोयही आत दिलेली आहे. आणि हे सगळं नीट ढोबळ दिसावं म्हणून डूमकरने एक नवंकोरं ग्राफिक्स कार्ड घेतलं. त्याची खरी किंमत आणि वहिनींना सांगितलेली किंमत यांत अजून ताळमेळ लागलेला नाही. कार्ड बसवलं, गेम लावला, सगळ्या सोयी खालच्या खाली आणून ठेवल्या आणि त्याने वहिनींना हाक मारली, "अगं बघ, किती अस्सल दिसतंय!"

वहिनींनी पाहिलं. म्हणाल्या, "पैसे देऊन धूसर बघायचं तर चष्मा काढून ठेवायचात. फुकट दिसलं असतं."

'डस्क'ची सुरुवातच अशी, की तुम्ही एका तळघरात आहात, हातांत दोन विळे, आणि समोरून यांत्रिक करवती घुरघुरवत तीन धटिंगण येतायत. मग वर शेतवाड्या, गोठे, मक्याचं रान, आणि रानात झगेवाले पंथीय. पुढे कारखाने, त्याहून पुढे जमिनीखालचं कुठलंतरी अनाम शहर. पण डूमकरला मनापासून रुचतो तो पहिलाच भाग, कारण त्याचं आजोळ कऱ्हाडकडचं. विळा त्याने लहानपणी हातात धरलेला आहे. त्या गेममधलं बुजगावणं बराच वेळ खांबाला निमूट टांगलेलं असतं आणि तुम्ही बेसावध झालात की खाली उतरून बंदूक चालवतं. तेव्हापासून गावाकडे जाताना रस्त्याकडेच्या शेतात बुजगावणं दिसलं की हा बोलता बोलता गप्प होतो आणि गाडीची काच वर करतो. पिकावर बसलेले कावळे तेवढे भीत नाहीत.

एक बटन तर त्याच्या अंगातच मुरलं आहे. हल्लीच्या बंदूकबाजीच्या गेममध्ये 'आर' दाबलं की बंदुकीत नव्या गोळ्या भरल्या जातात. 'डस्क'मध्ये गोळ्या भरायची भानगडच नाही. असतील तितक्या सलग झाडा. तिथे 'आर' दाबलं की बंदूक नुसती बोटावर गरगर फिरते. उपयोग शून्य, ऐट मात्र आहे. डूमकर विचारात पडला की त्याच्या हातातली वस्तू फिरू लागते. पेन, छत्री, रिमोट. आमच्या शाखेत एक शेतकरी घरदुरुस्तीच्या कर्जासाठी समोर हात जोडून बसले होते आणि हा 'मंजूर'चा रबरी शिक्का बोटावर फिरवत विचार करत होता. चार-पाच फेऱ्यांनंतर शिक्का निसटला आणि त्यांच्या धोतरावर पडला. ते गृहस्थ उठले, धोतराचा सोगा पुढे धरून दाखवला आणि म्हणाले, "झालं म्हणायचं मग?" कागदपत्रं चोख होती. झालं.

साबणाचंही एक आहे. 'डस्क'मध्ये जागोजागी साबणाची वडी लपवलेली असते. सापडली आणि नेम धरून फेकली की समोर केवढाही राक्षस असो, जागच्या जागी ठार. का, ते विचारायचं नाही. वहिनींना हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी त्या गेमबद्दल एक बरा शब्द काढला. "म्हणजे आंघोळीला किंमत आहे तिथे तरी." दहा डिसेंबरच्या रजेला डूमकर दुपारपर्यंत पारोशा बसतो, त्याला उद्देशून ते होतं.

मागच्या हिवाळ्यात ऑफिसची सहल रायगडला गेली. बाकीचे रोपवेने वर गेले. डूमकर म्हणाला, त्याला पायऱ्या चढायच्या आहेत, गड असाच पाहावा. खरं कारण मला ठाऊक होतं. हातात विळे घेऊन अतळ खाईत उडी टाकणारा हा माणूस गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढतानाही कठड्याकडे बघत नाही. तर आम्ही दोघं पायऱ्यांनी निघालो. महादरवाजापाशी पोचलो आणि त्याचा दम, त्याचे गुडघे, सगळं बरं झालं. दोन प्रचंड बुरूज, वाट मुद्दाम वळवलेली, दरवाजा समोर येईपर्यंत दिसतच नाही, आणि दिसेपर्यंत तुम्ही दोन्हीकडून माऱ्यात. भिंतीतल्या तिरप्या जंग्यांमध्ये डोळा लावून त्याने एकेक कोन तपासला. "इथे एक उभा. तिथे एक. आणि मागं फिरायला जागा नाही. वा!" असं तो कुणाला तरी दाद देत होता. मग तटाच्या कडेकडेने चोरदिंडीकडे गेला. भिंतीच्या आतून उतरत जाणाऱ्या पायऱ्या आणि तळाशी चिंचोळी वाट पाहून तो जो खाली बसला तो उठेचना. आयुष्यभर ज्या चोरवाटेसाठी स्पेसबार बडवला ती दगडात, उन्हात, सतराव्या शतकातली. पुढे वर गेल्यावर त्याने एका कोऱ्या भिंतीला खांदा लावून पाहिलाच. पाठीमागून वाटाड्या ओरडला, "साहेब, टेकू नका! अहो ढकलताय काय?"

वाटाड्या होता तरुण, पाचाडचा, पाठांतर चोख. जगदीश्वराच्या देवळापाशी त्याने हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेली पायरी दाखवली. गड बांधणाऱ्याने स्वतःसाठी मागितलं ते एवढंच, वगैरे. मंडळी गहिवरली. डूमकरही गहिवरला, आणि गहिवराच्या भरात बोलून गेला, की 'डूम २' या पुढच्या गेममध्ये शेवटचा राक्षस म्हणजे भिंतभर पसरलेलं सैतानाचं तोंड, आणि त्याच्या कपाळाच्या आत गेमचा एक कर्ता जॉन रोमेरो याचं मुंडकं खुंटावर लावलेलं आहे. ते मारलं तरच गेम सुटतो. सहकाऱ्यांनी चेष्टेत घातलं होतं. रोमेरोला ते सापडलं, तेव्हा त्याने रागावण्याऐवजी स्वतःच्याच आवाजात, मला मारल्याशिवाय जिंकता येणार नाही अशा अर्थाचं वाक्य भरलं, ते उलटं करून राक्षसाच्या तोंडी दिलं. वाटाड्या हे सगळं शांतपणे ऐकत होता. मला घाम फुटला. गडावर, देवळासमोर, हे काय काढलंय याने! पण डूमकरने स्वतःच सावरून घेतलं. "फरक बघा," तो म्हणाला. "आपला माणूस पायरीवर. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायधुळीत. आणि तो थेट सैतानाच्या कपाळात जाऊन बसला. शेवटी संस्कार असतात." वाटाड्याने मान डोलावली. पुढच्या तुकडीला हा भाग तो सांगतो की नाही, याची मला उत्सुकता आहे.

डूमकरच्या स्वभावातली मला न सुटलेली गाठ एकच. 'डूम'मध्ये बीएफजी नावाचं एक शस्त्र आहे. त्याचा एक हिरवा गोळा सुटला की खोलीच्या खोली साफ. डूमकरला ते मिळतं, कारण गुपितं त्याची शंभर टक्के. पण तो ते वापरत नाही. पुढे लागेल म्हणून ठेवतो. समोर शिंगं आणि लोखंडी पाय असलेलं धूड उभं आहे, जीव सात टक्क्यांवर आलाय, चेहरा रक्ताने ओळखू येत नाही, तरी हा साध्या शॉटगनने ठो ठो करत खांबाभोवती फिरतोय. "अरे, वापर की!" मी मागून ओरडतो. "पुढे लागेल," तो दातओठ खात म्हणतो. आणि शेवटचा राक्षस मरतो, गेम संपतो, तेव्हा त्याच्याकडे बीएफजीचा दारूगोळा काठोकाठ भरलेला असतो. पुढे काहीही उरलेलं नसतं. त्याच्या कपाटात लग्नातलं सुटाचं कापड न शिवता आहे. दिवाळीत आलेल्या सुक्यामेव्याच्या पेटीला पुढच्या दिवाळीपर्यंत हात लागत नाही. अर्जित रजा दरवर्षी बुडते. वहिनी त्याला बँकेच्या सुट्टीच्या योजनेतून केरळला चला म्हणून किती वर्षं सांगतायत. "पुढे लागेल" हे उत्तर त्यांनी इतक्यांदा ऐकलं आहे की आता प्रश्नासोबत त्याच उत्तरही देऊन टाकतात.

राहता राहिला तो प्रश्न, जो जगातला प्रत्येक डूमकर प्रत्येक यंत्राला विचारतो: यावर डूम चालेल का? १९९७ च्या डिसेंबरात 'डूम'चा सोर्स कोड कंपनीने खुला केला, आणि तेव्हापासून लोकांनी तो जमेल त्या वस्तूवर चालवून दाखवायचा चंग बांधला आहे. कॅल्क्युलेटरवर चालवला. २०१४ मध्ये प्रिंटरच्या चिमुकल्या पडद्यावर चालवला, २०२२ मध्ये ट्रॅक्टरच्या. सोसायटीत नवी लिफ्ट बसली, तिच्यात मजल्यांचे आकडे दाखवणारा रंगीत पडदा आहे. उद्घाटनाला अध्यक्षांनी नारळ फोडला, टाळ्या झाल्या आणि डूमकरने लिफ्टवाल्या मेकॅनिकला बाजूला घेतलं. पाच मिनिटांनी मेकॅनिक अध्यक्षांना विचारताना दिसला, "हे साहेब कमिटीवर आहेत का?"

हे इथवर ठीक होतं. पण वहिनींच्या भाचीच्या डोहाळजेवणाला त्याला न्यायला नको होतं. फुलांची वाडी भरलेली, झोपाळा सजवलेला, पेढा की बर्फीच्या वाट्या झाकून ठेवलेल्या. पुरुषमंडळी बाहेर पंख्याखाली. मीही तिथेच होतो. आत कुणीतरी भाचीला, तुला पहिल्यांदा कळलं कसं गं, असं कौतुकाने विचारलं. तिने लाजत सांगितलं, घरीच टेस्ट केली. 'टेस्ट' कानावर पडताच डूमकर उठला आणि सरळ आत गेला. मी त्याची बाही धरली होती, ती सुटली.

"त्यावर डूम चालवलाय एकाने," तो म्हणाला.

झोपाळा थांबला.

"२०२० मध्ये. त्या डिजिटल टेस्टमध्ये छोटा पडदा असतो ना, त्यावर. पण ते अगदी खरं नव्हे हां." इथे त्याचा स्वर न्यायाधीशाचा झाला, प्रामाणिकपणात तो कुणाला ऐकत नाही. "मूळ पडद्यावर ठरावीक तीन-चार चिन्हांपलीकडे काही उमटत नाही. त्याने आतला प्रोसेसर बदलला, पडदाही बदलला. नुसतं कवच तेवढं टेस्टचं. त्यामुळे मी ते धरत नाही."

वहिनी भिंतीकडे तोंड करून समईची वात पुढे सारत होत्या. वात चांगली जळत होती. भाचीच्या सासूबाई एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. शेवटी खुर्चीतल्या नव्वदीच्या मावशींनी कानामागे हात धरला.

"काय म्हणतात जावईबापू? पडदा केवढा?"

"१२८ बाय ३२, मावशी," डूमकर मोठ्याने म्हणाला.

"बत्तीस ना?" मावशींनी बोटांवर हिशेब केला. "बत्तिसावा आठवडा, म्हणजे आठवा लागलाच की गं. सातव्यात करायचं असतं हे. उशीर केलात. चला, वाढा आता तिला आधी."